सायबरपंक २०७७ चे फसलेले प्रकाशन आणि त्यानंतरचे पडसाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'सायबरपंक २०७७' हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी बाजारात आला. त्यानंतर तो दुरुस्त झाला, त्याला पुरस्कारही मिळाले, तरी त्या पहिल्या काही आठवड्यांविषयीचे प्रश्न अजून येतच असतात. काही प्रश्न आता नव्याने गेम घेणाऱ्यांचे असतात, काही तेव्हा पैसे अडकलेल्यांचे, तर काही मित्रांशी चाललेल्या वादात कोण बरोबर हे ठरवून घेण्यासाठी विचारलेले असतात. पुनरुक्ती टाळण्यासाठी आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मला या प्रकरणाची काहीच माहिती नाही. थोडक्यात काय घडले?

पोलंडमधील वॉर्सा येथील सीडी प्रोजेक्ट रेड या स्टुडिओने मे २०१२ मध्ये हा गेम जाहीर केला. २०१५ च्या 'द विचर ३' मुळे ग्राहकांची कदर करणारी कंपनी अशी या स्टुडिओची ख्याती झाली होती. जून २०१९ मध्ये अभिनेता कियानू रीव्ह्ज याने व्यासपीठावर येऊन प्रकाशनाची तारीख सांगितली, तेव्हा उत्सुकता शिगेला पोहोचली. प्रकाशनापूर्वीच ८० लाख प्रतींची प्री-ऑर्डर झाली होती. प्रत्यक्षात आलेला गेम ताकदवान पीसीवर बग (कोडमधील चुका) सोसत का होईना, खेळता येत होता. सोनीचा प्लेस्टेशन ४ आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन या कन्सोलांच्या (टीव्हीला जोडून गेम खेळण्याच्या यंत्रांच्या) मूळ मॉडेलांवर मात्र त्याची अवस्था दयनीय होती. १४ डिसेंबरला कंपनीने जाहीर माफी मागून परताव्याची तयारी दाखवली आणि १७ डिसेंबरला सोनीने हा गेम प्लेस्टेशन स्टोअरमधून काढून टाकला. एवढ्या मोठ्या गेमवर अशी वेळ क्वचितच येते, म्हणून हे प्रकरण अजून चर्चेत आहे.

२. प्रकाशन नेमके किती वेळा पुढे ढकलले? आणि गेम 'गोल्ड' झाल्यावर तो पुढे ढकलता येतो का?

जाहीर केलेली तारीख तीन वेळा बदलली. १६ एप्रिल २०२० ची १७ सप्टेंबर झाली, तिची १९ नोव्हेंबर आणि शेवटी १० डिसेंबर.

गेम 'गोल्ड' झाला याचा अर्थ डिस्क छापण्यासाठी पाठवण्याजोगी आवृत्ती तयार झाली एवढाच असतो. काम संपले असा नव्हे. ही घोषणा ५ ऑक्टोबरला झाली आणि २७ ऑक्टोबरला प्रकाशन आणखी २१ दिवसांनी लांबले. वेगवेगळ्या कन्सोलांसाठी आणि पीसीसाठी मिळून नऊ आवृत्त्या एकाच वेळी तयार करून तपासाव्या लागत आहेत, असे कारण कंपनीने तेव्हा दिले. अडचण कोठे होती याची ती पहिली ठळक खूण होती. आपल्यापैकी बहुतेकांनी ती वाचली आणि फक्त नवी तारीख लक्षात ठेवली.

३. एकच गेम पीसीवर चालतो आणि कन्सोलवर कोलमडतो, हे कसे?

या गेममधील नाइट सिटी हे दाट वस्तीचे, उंच इमारतींचे आणि वाहनांनी भरलेले शहर आहे. एवढे शहर एकाच वेळी यंत्राच्या मेमरीत मावत नाही. खेळाडू जसा पुढे सरकतो, तसा समोरचा भाग साठवणुकीतून सतत मेमरीत आणावा लागतो आणि मागचा काढून टाकावा लागतो. या प्रक्रियेला स्ट्रीमिंग म्हणतात. २०१३ मध्ये आलेल्या त्या दोन्ही कन्सोलांमध्ये फिरत्या तबकडीची सावकाश हार्ड डिस्क, तेव्हाही बेताचाच असलेला प्रोसेसर आणि एकूण ८ जीबी मेमरी होती. कंपनीचे सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की यांनी १३ जानेवारी २०२१ च्या चित्रफितीत हीच बाब मान्य केली. गेम आधी पीसीवर देखणा करायचा आणि मग जुन्या कन्सोलांसाठी उतरवायचा असे ठरले होते, आणि त्या उतरवण्यातील स्ट्रीमिंगची अडचण आपण कमी लेखली, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

मूळ प्लेस्टेशन ४ वर गाडी घेऊन निघालेल्या खेळाडूला याचा अर्थ असा दिसत असे. रस्ता समोर आहे, पण त्याचा पृष्ठभाग मातीच्या लेपासारखा गुळगुळीत. दुकानाची पाटी आहे, पण तिच्यावरची अक्षरे तिच्यापाशी पोहोचून दोन क्षण थांबल्यावर उमटतात. दूरवर वाहनांची रांग दिसते, जवळ जावे तर रस्ता मोकळा, कारण ती रांग म्हणजे नुसती सपाट चित्रे होती. गोळीबार सुरू झाला की फ्रेम रेट (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) २० च्याही खाली घसरतो, आणि अर्ध्या-पाऊण तासाने गेम स्वतःहून बंद पडून पडद्यावर त्रुटीचा संदेश येतो.

'यंत्रेच जुनी होती, त्यांच्याकडून अपेक्षा कसली' हा युक्तिवाद अजूनही ऐकू येतो. गेम जाहीर झाला तेव्हा ही यंत्रे जगासमोर आलेलीही नव्हती. त्यांची घोषणा २०१३ मधली. म्हणजे गेमचा प्रत्यक्ष विकास जवळजवळ पूर्णपणे त्यांच्याच काळात झाला, डिस्कच्या वेष्टनावर त्यांचेच नाव होते आणि पैसेही त्यांच्याच मालकांकडून पूर्ण घेतले होते.

४. मग प्रकाशनापूर्वीची परीक्षणे इतकी चांगली कशी होती?

आमच्या मते साऱ्या प्रकरणातील हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहोत.

डिसेंबर २०२० च्या पहिल्या आठवड्यात परीक्षकांना गेम मिळाला तो फक्त पीसीसाठी. कन्सोलच्या प्रती परीक्षणासाठी वेळेत दिल्या गेल्या नाहीत. शिवाय प्रकाशनापूर्वी प्रसिद्ध होणाऱ्या परीक्षणांत परीक्षकांनी स्वतः टिपलेली दृश्ये वापरायची नाहीत, कंपनीने पुरवलेलीच वापरायची, अशी अट होती. त्यामुळे पहिल्या परीक्षणांत बगांचा उल्लेख असला, तरी वाचकाच्या डोळ्यांसमोर दृश्ये आली ती कंपनीने निवडलेली. नोव्हेंबरमध्ये कंपनीने कन्सोलवरील खेळ दाखवला होता. पण तो प्लेस्टेशन ४ प्रो आणि एक्सबॉक्स वन एक्स या वरच्या मॉडेलांवरचा आणि नव्या पिढीच्या यंत्रांवरचा होता. लाखो लोकांच्या घरी असलेल्या मूळ मॉडेलांवर गेम कसा चालतो, हे १० डिसेंबरपर्यंत ग्राहकाला पाहायला मिळाले नाही. उलट गुंतवणूकदारांशी बोलताना त्या कन्सोलांवरही गेम चांगला चालतो, असे व्यवस्थापनाने सांगितले होते.

१४ डिसेंबरच्या माफीनाम्यात, मूळ कन्सोलांवरचा खेळ आधी दाखवला नाही आणि त्यामुळे ग्राहकांना विचारपूर्वक निर्णय घेता आला नाही, हे कंपनीने स्वतःच मान्य केले. गुंतवणूकदारांशी झालेल्या पुढच्या संवादात व्यवस्थापनाने आणखी एक कबुली दिली : गेमला जादा वेळ हवा आहे असे संकेत मिळत होते, पण प्रकाशनाच्या धडपडीत त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले.

बग प्रत्येक मोठ्या गेममध्ये असतात आणि ते दुरुस्त होतात. येथे ग्राहकाला डोळे उघडे ठेवून खरेदी करण्याची संधीच दिली गेली नाही, ही तक्रार वेगळ्या जातीची आहे, आणि कितीही पॅच (दुरुस्तीचे अपडेट) आले तरी तिची दुरुस्ती होत नाही.

५. सोनीने गेम काढला, पण मायक्रोसॉफ्टने का नाही?

सीडी प्रोजेक्टने १४ तारखेच्या निवेदनात असमाधानी ग्राहकांनी सोनी व मायक्रोसॉफ्ट यांच्याकडे परतावा मागावा, असे सुचवले. सोनीचे नेहमीचे धोरण पाहता, डाउनलोड केलेल्या गेमचे पैसे सहसा परत मिळत नसत. त्यामुळे हजारो लोक विनंती घेऊन गेले आणि नकार घेऊन परतले. शेजाऱ्याच्या घरी जेवायला या म्हणून आमंत्रण द्यावे आणि शेजाऱ्याला कळवू नये, असा तो प्रकार होता. तीन दिवसांनी सोनीने सरसकट परतावा जाहीर केला आणि विक्रीही थांबवली. मायक्रोसॉफ्टने दुसऱ्याच दिवशी परताव्याचे नियम सैल केले. विक्री मात्र चालू ठेवून उत्पादनाच्या पानावर जुन्या कन्सोलांवरील अडचणींची सूचना टाकली.

प्लेस्टेशन स्टोअरवर गेम २१ जून २०२१ रोजी परतला. तेव्हाही मूळ प्लेस्टेशन ४ वर अडचणी येऊ शकतात, असा इशारा सोबत होताच. तरीही त्या महिन्यात प्लेस्टेशन ४ च्या डाउनलोड विक्रीत तो आघाडीवर राहिला. ग्राहकांच्या संतापाविषयी ठाम विधाने करणाऱ्यांनी हा तपशील जरूर लक्षात ठेवावा.

६. परतावा कोणाला मिळाला? डिस्क घेणाऱ्यांचे काय झाले?

डिजिटल प्रतींचा परतावा ज्या त्या स्टोअरने दिला. पीसीवर त्या मानाने मार्ग सोपा होता : स्टीम या ऑनलाइन दुकानावर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेल्यांना, तर तेव्हा सीडी प्रोजेक्टच्याच मालकीच्या असलेल्या जीओजी या दुकानावर ३० दिवसांपर्यंत परतावा घेता येई.

डिस्क घेणाऱ्यांची अवस्था सर्वांत अवघड होती, कारण वेष्टन उघडलेली डिस्क दुकानदार बहुधा परत घेत नाहीत. अशांसाठी कंपनीने २१ डिसेंबरपर्यंत ईमेलने विनंती स्वीकारली आणि दुकानाने नकार दिल्यास पैसे स्वतः देण्याचे ठरवले. या थेट योजनेतून सुमारे ३० हजार प्रतींचे पैसे परत गेले. हा आकडा पाहून 'एवढेच लोक नाराज होते' असा निष्कर्ष काढू नये. त्यात सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि दुकानदार यांनी दिलेले परतावे धरलेले नाहीत, आणि योजनेची मुदत जेमतेम आठवडाभराची होती.

७. मी परतावा घेतला नाही. स्टोअरमधून गेम गेल्यावर माझी प्रत निकामी झाली होती का?

नाही. केवळ नवी विक्री बंद होती. आधी घेतलेला गेम पुन्हा डाउनलोड करता येत होता आणि पॅचही मिळत होते.

८. कंपनी बुडाली असती असे म्हणतात, ते खरे आहे का?

नाही, उलट पैशाच्या हिशेबात ते वर्ष तोपर्यंतचे सर्वोत्तम ठरले. २०२० अखेरपर्यंत गेमच्या १ कोटी ३७ लाख प्रती विकल्या गेल्या, त्यांपैकी निम्म्याहून अधिक पीसीवर. विकासाचा आणि जाहिरातीचा खर्च प्री-ऑर्डरमधूनच वसूल झाल्याचे कंपनीने सांगितले होते. त्या वर्षीचा निव्वळ नफा सुमारे १.१५ अब्ज झ्लॉटी (पोलंडचे चलन) होता.

फटका बसला तो शेअरच्या भावाला. डिसेंबर २०२० च्या आरंभी चढा असलेला भाव दोन-तीन आठवड्यांत एक तृतीयांशाहून अधिक घसरला. ग्राहकाचा विश्वास ताळेबंदात वेगळ्या रकान्यात दाखवत नाहीत, पण शेअर बाजाराने त्याचा भाव तेवढा काढून दाखवला.

९. खटल्यात तडजोड झाल्याचे वाचले. गेम घेतला होता म्हणून मला त्यातून काही मिळेल का?

मिळणार नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. डिसेंबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात दाखल झालेला सामूहिक दावा खेळाडूंचा नव्हता, तर शेअर घेतलेल्या गुंतवणूकदारांचा होता. जुन्या कन्सोलांवरील गेमच्या अवस्थेविषयी आपली दिशाभूल झाली, असे त्यांचे म्हणणे होते. डिसेंबर २०२१ मध्ये १८ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड ठरली. ग्राहकांच्या बाजूने पोलंडच्या स्पर्धा व ग्राहक संरक्षण कार्यालयाने जानेवारी २०२१ मध्ये कंपनीकडे दुरुस्तीबाबत खुलासा मागितला होता. पण खेळाडूच्या हाती पैसे पडले ते प्रश्न ६ मध्ये दिलेल्या मार्गांनीच.

१०. एवढा गोंधळ झाला, तो कर्मचाऱ्यांच्या आळसामुळे का?

हा प्रश्न बऱ्याचदा याच शब्दांत येतो, म्हणून तो तसाच ठेवला आहे. वस्तुस्थिती उलट आहे. सक्तीचा जादा वेळ टाळण्याचे आश्वासन व्यवस्थापनाने २०१९ मध्ये दिले होते. सप्टेंबर २०२० मध्ये मात्र सहा दिवसांचा आठवडा लागू झाला. त्यातच महामारीमुळे बरेचसे काम घरून चालले होते. कर्मचाऱ्यांचा बोनस परीक्षणांतील गुणांशी जोडलेला होता. प्रकाशनानंतर ती अट काढून बोनस पूर्ण देण्याचे ठरले, आणि ते योग्यच झाले. इविन्स्की यांनीही दोष आपला व व्यवस्थापनाचा आहे, चमूचा नव्हे, असे स्पष्टपणे सांगितले. तरीही प्रकाशनानंतरच्या काळात शिव्या खाव्या लागल्या त्या अनेकदा निर्णय न घेणाऱ्यांनाच.

११. मजेशीर बग सोडून द्या. खरोखर नुकसान करणारे बग होते का?

होते. हवेत हात पसरून उभी राहिलेली पात्रे किंवा निर्जन गच्चीवर खेळाडूच्या पाठीमागे अचानक उगवणारे पोलीस यांच्या चित्रफिती खूप फिरल्या, पण त्यांत फार काही बिघडत नव्हते. पीसीवरील सेव्ह फाइलचा (खेळाची प्रगती साठवणाऱ्या फाइलचा) बग वेगळा होता. फाइल ८ एमबीच्या वर गेली की ती खराब होत असे आणि पुन्हा उघडत नसे. गेममध्ये वस्तू बनवण्याचा आणि साठवण्याचा ज्यांना नाद होता, त्यांची फाइल सर्वांत लवकर फुगे. म्हणजे जो जितका मनापासून खेळला, तो तितका लवकर अडकला. सुरुवातीला मिळालेला सल्ला असा की सामान कमी ठेवा, वस्तू फार बनवू नका आणि जुनी सेव्ह वापरा. डिसेंबर अखेरच्या १.०६ या दुरुस्तीने ती मर्यादा हटली, पण आधीच खराब झालेल्या फाइली परत मिळाल्या नाहीत. पन्नास-साठ तासांचा खेळ असा गेला की त्याचा परतावा कोणत्याही स्टोअरकडे मागता येत नाही.

दुसरी बाब आरोग्याची. गेममधील 'ब्रेनडान्स' या प्रसंगात पात्राला चढवल्या जाणाऱ्या उपकरणातून लाल-पांढरे प्रकाशाचे झपाट्याने लुकलुकणारे झोत दिसत, आणि प्रकाशनापूर्वी खेळताना एका परीक्षिकेला त्यामुळे अपस्माराचा झटका आला. तिने सार्वजनिक इशारा दिल्यावर कंपनीने ठळक सूचना जोडली आणि काही दिवसांतच तो परिणाम सौम्य केला. इतर लुकलुकते दिवे गेममध्ये आजही आहेत. ज्यांना असा त्रास आहे त्यांनी ही सूचना गांभीर्याने घ्यावी.

१२. पॅच यायला उशीर झाला तो हॅकिंगमुळे का?

अंशतः. ९ फेब्रुवारी २०२१ रोजी कंपनीने आपल्या यंत्रणेवर रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारा) हल्ला झाल्याचे जाहीर केले. हल्लेखोरांनी या गेमसह इतर गेमचा सोर्स कोड नेल्याचा दावा केला. कंपनीने खंडणी देण्यास नकार दिला. फेब्रुवारीत अपेक्षित असलेला १.२ हा पॅच त्यामुळे मार्चच्या अखेरीस आला. मात्र नव्या पिढीच्या कन्सोलांसाठीची स्वतंत्र आवृत्ती २०२१ वरून फेब्रुवारी २०२२ वर गेली, तिचा सारा दोष हॅकरांच्या माथी मारता येणार नाही.

१३. गेम खऱ्या अर्थाने सुधारला कधी?

एक तारीख सांगणे कठीण आहे. १५ फेब्रुवारी २०२२ च्या १.५ अपडेटने तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज कन्सोलांवर नीट उभा राहिला. सप्टेंबर २०२२ मध्ये १.६ अपडेट आणि 'एजरनर्स' ही अॅनिमे मालिका पाठोपाठ आल्या आणि खेळाडू मोठ्या संख्येने परतले. त्याच महिन्यात विक्री २ कोटींवर गेली. २१ सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटने पोलीस, कौशल्ये आणि वाहनांतील लढती यांची रचनाच बदलली, आणि पाच दिवसांनी 'फँटम लिबर्टी' हा सशुल्क विस्तार आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये विक्रीचा आकडा ३ कोटींवर पोहोचला होता.

आमचे मत विचाराल तर २.० नंतरचा गेम निःसंशय चांगला आहे. पण 'शेवटी गोड झाले' हे वाक्य ज्याच्या तोंडी येते, तो बहुधा प्लेस्टेशन ४ वर खेळलेला नसतो. कारण पुढील प्रश्नात आहे.

१४. माझ्याकडे प्लेस्टेशन ४ किंवा एक्सबॉक्स वन आहे. मलाही हे सारे मिळाले का?

नाही. जुन्या कन्सोलांसाठी १.६ हा शेवटचा मोठा अपडेट ठरला. २.० ची नवी रचना आणि 'फँटम लिबर्टी' त्या कन्सोलांवर आलेच नाहीत. ज्या ग्राहकांना सर्वाधिक त्रास झाला, त्यांच्यापर्यंत दुरुस्तीचा सर्वांत चांगला भाग पोहोचला नाही. यामागचे तांत्रिक कारण पटण्यासारखे आहे. प्रश्न ३ वाचल्यावर ते कळेलही. पण कौतुक करताना ही बाब कोणी सांगत नाही.

१५. असे दुसऱ्या कोणत्या गेमच्या बाबतीत झाले आहे का?

विक्री मागे घेण्याचा प्रकार नवा नव्हता : २०१५ मध्ये 'बॅटमॅन : आर्खम नाइट' ची पीसी आवृत्ती प्रकाशनानंतर लगेच विक्रीतून काढली गेली आणि ऑक्टोबरमध्ये परत आली. दीर्घकाळ दुरुस्ती करून नाव कमावण्याचे उदाहरण म्हणजे २०१६ चा 'नो मॅन्स स्काय'. याउलट २०१९ च्या 'अँथम' ची पुनर्बांधणी २०२१ मध्ये सोडून देण्यात आली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आलेला सोनीचा 'कॉन्कॉर्ड' दोन आठवड्यांत बंद करून सर्वांना पैसे परत दिले गेले. सायबरपंक सावरला तो विक्रीतून आलेला पैसा हाताशी असल्यामुळे आणि तो इंटरनेटवर अवलंबून नसलेला, एकट्याने खेळायचा गेम असल्यामुळेही; सर्व्हर ओस पडण्याची भीती त्याला नव्हती.

१६. मी हा गेम स्टेडियावर घेतला होता. माझे काय?

गूगलने इंटरनेटवरून गेम खेळवणारी ही सेवा १८ जानेवारी २०२३ रोजी बंद केली आणि तिच्या स्टोअरमधून घेतलेल्या गेमचे पैसे परत दिले. गंमत अशी की प्रकाशनाच्या दिवशी घरी महागडा पीसी नसलेल्यांसाठी त्यातल्या त्यात बरी आवृत्ती स्टेडियाचीच होती.

१७. प्लेस्टेशन ४ ची जुनी डिस्क स्वस्तात मिळते आहे. घ्यावी का?

कोणत्या यंत्रावर खेळणार यावर ते अवलंबून आहे. डिस्कवर छापलेली आवृत्ती ही २०२० ची, म्हणजे पॅचपूर्वीची आहे. इंटरनेटशिवाय खेळल्यास वर वर्णन केलेला गेमच तुम्हाला मिळेल. मूळ प्लेस्टेशन ४ वर सर्व पॅच घेतले तरी प्रश्न १४ मधील मर्यादा राहते. डिस्क ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ असेल, तर मात्र तीच डिस्क घालून प्लेस्टेशन ५ ची आवृत्ती विनामूल्य डाउनलोड करता येते आणि जुन्या सेव्ह फाइलीही तिच्यात नेता येतात. डिस्क ड्राइव्ह नसलेल्या प्लेस्टेशन ५ वर या डिस्कचा काहीही उपयोग नाही. 'फँटम लिबर्टी' मात्र प्लेस्टेशन ५ वरही वेगळे विकत घ्यावे लागते, आणि डाउनलोड मोठे असल्याने यंत्रात आधी पुरेशी जागा मोकळी करून ठेवावी.